गच्चीवरचा पंप

सुकलाल मास्तरांनी तो पंप विकत घेतला याला कारण त्यांच्या सासूबाईंचे गुडघे, असं ते पुढं सगळ्यांना सांगत. ते खरं नव्हतं. गुडघे नंतर आले. आधी आला तो लिलाव, आणि लिलावात विचारला गेलेला एक प्रश्न.

तापीच्या पाण्याची पाहणी करायला दोन परदेशी साहेब शहाद्याबाहेर बंगला भाड्यानं घेऊन तीन वर्षं राहिले होते. पाहणी संपली, साहेब गेले, आणि बंगल्यातलं सामान ठेकेदारानं अंगणात मांडून लिलावाला काढलं. खुर्च्या गेल्या, कपाटं गेली, न्हाणीघरातला पांढरा टब एका केळीच्या बागाईतदारानं गुरांना पाणी पाजायला नेला. शेवटी उरली ती बंगल्याच्या छपरावरून उतरवलेली राखाडी पत्र्याची एक अजस्र पेटी. तिला एका अंगाला जाळी होती, दुसऱ्या अंगाला दोन चौकोनी तोंडं होती आणि वर एक पंखा होता.

"हे काय आहे, कुणाला ठाऊक आहे का?" ठेकेदारानं विचारलं.

जमलेल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. पाहणाऱ्यांतले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्या निम्म्यांतले निम्मे मास्तरांनी नापास केलेले. ते जरा जास्तच आशेनं पाहत होते.

मास्तर पुढं झाले. चष्मा पुसून त्यांनी पेटीवरची पितळी पट्टी वाचली. "हा हीट पंप आहे," ते म्हणाले. "उष्णतेचा पंप. थंडीत बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घेतो आणि घरात आणून सोडतो."

"मास्तर," शेजारच्या पिठाच्या गिरणीचे मालक प्रेमचंदभाऊ म्हणाले, "थंड हवामा गरमी कोठे ऱ्हास? तुम्ही शाळामा पोरेसले असंच शिकाडतस का?"

लोक हसले. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या शास्त्रावर वर्गाबाहेर कुणी शंका घेतली नव्हती, कारण वर्गाबाहेर कुणी शास्त्राचा विषयच काढला नव्हता. ठेकेदारानं पुन्हा विचारलं, "मग घेतं का कुणी?" आणि मास्तरांना एक करारी आवाज ऐकू आला. तो म्हणाला, "मी घेतो." आवाज त्यांचाच होता.

घरी परतताना त्यांना सासूबाई आठवल्या. कळसाडीच्या फुलवंताबाई दर हिवाळ्यात लेकीकडे राहायला येत, आणि मार्गशीर्ष लागला की त्यांचे गुडघे धरत. मास्तरांनी घरात पाऊल टाकताच बायकोला सांगितलं, "मीना, तुझ्या आईची मी सोय केली." मीनाबाईंना नवऱ्याचा स्वभाव ठाऊक होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ती कोठे ठेवानी?"

फुलवंताबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. जावई समोर असला की त्या पदर सावरून, "जवाईबापू, बठा" म्हणून अगदी मानानं बोलत. पण त्यांचं जावयाबद्दल एक मत होतं, आणि ते त्या लेकीला शेजारच्या खोलीत अशा बेतानं सांगत की ते तिसऱ्या खोलीत ऐकू जावं. मत असं, की हा माणूस चांगला आहे, पण त्याच्या हातून पुस्तक सोडून दुसरं काही धरलं जात नाही. मास्तर बहुतेक वेळा तिसऱ्या खोलीत असत.

ट्रकमध्ये केळीचे घड भरणाऱ्या आठ हमालांनी पेटी दोरखंड लावून गच्चीवर चढवली. प्रेमचंदभाऊंनी खालून, गिरणीच्या ओट्यावरून, प्रत्येक दोरखंडाला वेगळा सल्ला दिला. गवंड्यानं स्लॅबला दोन भोकं पाडली, त्यांतून पत्र्याची दोन नळकांडी बैठकीच्या खोलीत उतरली. नवीन सिमेंटच्या घराला स्वतःच्या हातानं भोकं पाडून घेणारा शहाद्यातला पहिला माणूस म्हणून मास्तरांचं नाव झालं. आता फक्त वीज पाहिजे होती.

वीज कचेरीतला कारकून सभ्य माणूस होता. त्यानं मास्तरांना खुर्ची दिली आणि फॉर्म पुढं ओढला.

"उपकरणाचं नाव?"

"हीट पंप."

"पंप," कारकुनानं लिहिलं. "किती अश्वशक्तीचा?"

"पाच."

"म्हणजे शेती विभाग. पाणी विहिरीचं की नदीचं?"

"पाणी नाही. हा हवेतून उष्णता ओढतो."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "मास्तर, फॉर्मात दोन चौकटी आहेत. विहीर आणि नदी. हवेला चौकट नाही."

मास्तरांनी त्याला शास्त्र समजावून सांगितलं. कारकुनानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "असं का" म्हणाला, आणि मग विचारलं, "तर विहीर लिहू की नदी?"

असे सहा आठवडे गेले. शेवटी, नदीपेक्षा विहीर घराला जवळची, म्हणून विहीर लिहायचं ठरलं. विहीर लिहिली म्हणजे तलाठ्याचा दाखला जोडणं आलं. तलाठी कडक शिस्तीचे. ते स्वतः जिना चढून गच्चीवर आले, चारी कोपऱ्यांत फिरले, एकदा पाण्याच्या टाकीत डोकावले आणि त्यांनी लिहून दिलं: "सदर इसमाचे गच्चीवर विहीर आढळून आली नाही." मास्तर तो कागद घेऊन पडलेल्या चेहऱ्यानं कचेरीत गेले. कारकुनाचा चेहरा मात्र उजळला. "तलाठ्याचा दाखला जोडायचा होता, तो जोडला," असं म्हणून त्यानं टाचणी मारली. "आता ओलिताखालचं पीक सांगा."

गच्चीवर मीनाबाईंनी तीन खोक्यांत मेथी लावली होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मंजुरी आली: सहाशे चौरस फूट मेथीच्या ओलितासाठी पाच अश्वशक्तीचा एक पंप.

गल्लीत हे कळायला अर्धा तास लागला. त्या दिवसापासून प्रेमचंदभाऊ रोज सकाळी गिरणी उघडताना वर तोंड करून विचारत, "मास्तर, पाच हॉर्सपॉवरनी मेथी चव्वले कशी लागस? एक जुडी धाडी द्या." मास्तर गंभीरपणे आकाशाकडे पाहत, जणू तिथून उष्णता येण्याची वेळ झाली आहे.

जोडणी करायला आला तो भीमसिंग वायरमन. सातपुड्यातल्या वरच्या गावचा, बोलणं मोजकं, हात अचूक. खांबावर चढला की खालच्यांचे सल्ले त्याला ऐकू येत नसत, आणि म्हणूनच त्याची सगळी कामं धड होत. त्यानं पेटीची झाकणं काढली, आतल्या तारा बोटानं चाचपल्या आणि विचारलं, "मास्तर, ह्या शेगडीसारख्या तारा कसाले? नी हाई घड्याळ?"

मास्तरांना असा श्रोता कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. पंपाबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं होतं. ते सांगू लागले, "फार थंडी पडली की बाहेरच्या जाळीवर दव धरतं आणि त्याचा बर्फ होतो. बर्फानं जाळी बुजली की पंप गुदमरतो. म्हणून हे घड्याळ दर दीड तासानं तपासतं. बर्फ असेल तर यंत्र उलटं फिरतं. घरातली उष्णता वर नेऊन दहा मिनिटांत बर्फ वितळवतं."

"म्हणजे घरले गरम करानं, नी मंग तीच गरमी बर्फले दी देवानी?"

"दहाच मिनिटं. तेवढ्या वेळात खोली गार पडू नये म्हणून या विजेच्या तारा तापतात."

भीमसिंगनं मान डोलावली. त्याला समजलं होतं. अकरावीच्या वर्गात चौघांनाही समजलं नसतं. मग त्यानं खिडकीतून गल्लीतल्या खांबाकडे पाहिलं. "ह्या पोलवर गिरणी बी शे. ह्या तारा भलता करंट खातीन. म्हणून त्यासले येगळं बटन करस. गिरणी चालू ऱ्हाई तव्हळ हाई बटन दाबू नका."

मास्तरांनी कबूल केलं आणि बटनाखाली सुंदर अक्षरात कागद चिकटवला: "गिरणी चालू असता दाबू नये."

पंप चालू झाला. वरून घुं असा आवाज आला, नळकांड्यातून आधी धूळ, मग एक मेलेली पाल, आणि मग ऊब आली. खरीखुरी, मऊ, पाठीवरून हात फिरवल्यासारखी ऊब. फुलवंताबाई नळकांड्याखाली पाट मांडून बसल्या त्या दुपारी जेवायलाच उठल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीला न धरता जिना चढून दाखवला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या सुंदरबाई डाळ निवडायला येऊन बसू लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग अख्ख्या गल्लीतल्या बायका सुपं, गोधड्या आणि शिवणटिपण घेऊन आल्या. कुणी ओल्या वाळवणाची ताटं ठेवून गेलं, कुणी केळी लवकर पिकावीत म्हणून दोन घड नळकांड्याखाली टांगले. मास्तरांना स्वतःच्या बैठकीत जागा उरली नाही. ते वह्या तपासायला गच्चीवर, थंडीत, मेथीशेजारी जाऊन बसत. पण मनातून ते सुखी होते. खालून हसण्याबोलण्याचा आवाज येई, आणि सहा दिवसांत सासूबाईंचं ते मत तिसऱ्या खोलीत एकदाही ऐकू आलं नव्हतं.

संक्रांत दोन दिवसांवर आली तेव्हा थंडीची लाट आली. आभाळ दोन दिवस भरून राहिलेलं, केळीच्या बागांतून धुकं उठलेलं, आणि त्यात उत्तरेचं वारं. तांब्यातलं पाणी दातांना झोंबू लागलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला फुलवंताबाई नळकांड्याखाली बसल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "जवाईबापू, काल जास्ती ऊब व्हती. आज यंतर बी म्हातारं व्हयनं का?"

त्या सहज म्हणाल्या. पण मास्तरांना त्या वाक्यामागं तिसऱ्या खोलीतलं ते जुनं मत ऐकू आलं. त्यांनी विजेच्या तारांचं बटन दाबलं. कागद त्यांनी वाचला होता, लिहिला होता, त्यातलं शुद्धलेखनही तपासलं होतं. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली, की गिरणी अजून उघडली नाही, आणि उघडली तरी तारा लगेच थोड्याच तापतात, त्या वेळ आली की तापतात. हे सगळं अगदी बरोबर होतं. ती वेळ कोणती असेल, एवढाच हिशेब त्यांनी केला नव्हता.

साडेसहाला गिरणी सुरू झाली. सणाची आदली सकाळ, त्यामुळं गव्हाच्या, बाजरीच्या, ज्वारीच्या डब्यांची रांग ओट्यावरून खाली उतरून वळणापर्यंत गेलेली. साडेसातला खांबावर फट् असा आवाज झाला आणि गल्लीची वीज गेली. गिरणीचा पट्टा कण्हत थांबला. भीमसिंगला बोलावणं गेलं, त्यानं खांबावरची फ्यूजची तार बदलली, गिरणी फिरू लागली. नऊ वाजून पाच मिनिटांनी पुन्हा फट्.

या खेपेला मात्र आणखी एक गोष्ट घडली. वीज जाण्याच्या तीन मिनिटं आधी सुंदरबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं, तर मास्तरांच्या गच्चीवरून पांढरा ढग उठत होता.

"मास्तरना धाबावर आग लागनी," त्या ओरडल्या.

गिरणीच्या रांगेतली माणसं डबे टाकून धावली. बादल्या, घागरी, न्हाणीचं घंगाळ, जे हाती लागलं ते भरून जिन्यावर चढली. मास्तर जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून सांगत होते, "ती वाफ आहे, आग नाही. बर्फ वितळतो आहे." ज्याच्या हातात भरलेली घागर आहे त्याला असं सांगून उपयोग नसतो. पहिल्या तीन घागरी पंपावर गेल्या, चौथी मास्तरांवर. मेथीला मात्र त्या दिवशी प्रथमच मंजुरीबरहुकूम पाणी मिळालं.

भीमसिंग पुन्हा खांबावर चढला होता आणि मास्तर धोतर पिळून, शाल गुंडाळून खाली बसले होते तेव्हा प्रेमचंदभाऊ आत आले. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं आणि डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "मास्तर, तुम्हना पंप वाचना, बरं व्हयनं. पण मन्ही गिरणी बंद पडी ऱ्हायनी. सकाळपासून दोनदाव. चाळीस डबा पडेल शेत. लोके माले शिव्या दी ऱ्हायनात. ह्या पोलवरून कोन तरी चोरी करी ऱ्हायना. तुम्ही वीज कचेरीले एक कडक अर्ज लिखी द्या. भाषा तुम्हनी पाह्यजे."

भाषा तुमचीच पाहिजे, असं कुणी म्हटलं की मास्तरांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी टाक घेतला. "ऐन सणाच्या तोंडावर कोणी बेजबाबदार व समाजद्रोही इसम," ते लिहीत गेले, "स्वतःच्या क्षुद्र सुखासाठी शेजारधर्मास हरताळ फासून विजेचा बेसुमार उपसा करीत असून..." प्रेमचंदभाऊ प्रत्येक वाक्याला "झकास" म्हणत होते. नाव कळलं की भरता यावं म्हणून मास्तरांनी मध्ये दोन बोटं जागा कोरी सोडली. मग तक्रारीत वेळा घालायच्या म्हणून त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा कधी गेली?"

"साडेसातले."

"आणि दुसऱ्यांदा?"

"नऊ वाजीसन पाच मिनिट. मधमा पाच मिनिट भीमसिंग पोलवर व्हता."

मास्तरांनी वेळा लिहिल्या. मग एकीतून दुसरी वजा केली, त्यातून भीमसिंगची पाच मिनिटं काढली. दीड तास आला. त्यांनी पुन्हा वजाबाकी केली. शास्त्राच्या शिक्षकाला वजाबाकी दोनदा करावी लागते ती दोनच कारणांनी: उत्तर चुकलं असेल म्हणून, किंवा चुकलेलं असावं म्हणून. उत्तर दीड तासच आलं. मास्तरांनी हळूच मान वळवून भिंतीवरच्या बटनाकडे पाहिलं. ते दाबलेलं होतं. त्याखाली त्यांचं सुंदर अक्षर होतं.

त्या क्षणी खोलीत बारा बायका होत्या आणि मधोमध फुलवंताबाई. बटन हळूच बंद करून टाकावं, अर्ज कचेरीत जाऊ द्यावा, तिथं त्याला चौकट सापडायला सहा महिने लागतील, असा एक विचार मास्तरांच्या मनात येऊन गेला. तो फार सोपा होता, आणि त्यांना त्याची फार लाज वाटली. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायका गार वाऱ्यात हात चोळत होत्या. त्यांच्या घरी सणाचं पीठ नव्हतं, आणि ते नव्हतं कारण या घरात ऊब होती.

मास्तरांनी उठून बटन बंद केलं. परत येऊन टाक दौतीत बुडवला आणि कोऱ्या सोडलेल्या जागेत, एक काना न चुकवता, लिहिलं: सुकलाल गिरधर पाटील. मग कागद प्रेमचंदभाऊंच्या हातात दिला.

प्रेमचंदभाऊंनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. "कोनी बेजबाबदार व समाजद्रोही इसम, नामे सुकलाल..." इथं ते थांबले. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. "मास्तर, सही आठे करतस नही. खाले करतस."

"ती सही नाही, भाऊ," मास्तर म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. बर्फ, घड्याळ, तारा, बटन. आणि ते बटन सकाळी कुणी दाबलं आणि का दाबलं, तेही. सासूबाईंकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

प्रेमचंदभाऊंच्या तोंडून पहिला शब्द निघायच्या आत फुलवंताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"जवाईनी माले ऊब पाह्यजे म्हनीसन बटन दाबं," त्या म्हणाल्या. "मंग चूक मन्ही बी शे. सुंदरबाई, भाहेर ज्या बाया उभ्या शेतीस त्या बठ्यासले आठे आना. डबा तठे ऱ्हाऊ द्या, माणसं आठे बठतीन. मीना, चहानं मोठं पातेलं ठेव. नी प्रेमचंद, तू तो कागद घडी कर नी जा, गिरणी चालाड."

प्रेमचंदभाऊंनी कागदाची घडी केली. पण जाताना ते म्हणाले, "मास्तर मन्हासंगे येतीन. डबा कोन उचलस? तुम्ही परत बटनजोडे बठनात ते भीमसिंगले दिनभर पोलवर बठनं पडी."

शाळेत रजेची चिठ्ठी गेली. त्या दिवशी सुकलाल मास्तरांनी संध्याकाळपर्यंत गिरणीत डबे उचलले, नंबर पुकारले आणि जात्याच्या तोंडाशी पिठाची पिशवी धरली. पांढरे झालेले मास्तर बघायला त्यांचे जुने विद्यार्थी घरचं दळण नसताना येऊन गेले. भीमसिंगनं तारांची जोडणी कायमची काढून टाकली आणि घड्याळ तसंच ठेवलं. आता बर्फ धरला की यंत्र दहा मिनिटं उलटं फिरे आणि खोलीत गार वारा सुटे. त्या दहा मिनिटांसाठी फुलवंताबाईंनी कोळशाची शेगडी ठेवली. वरचा आवाज बदलला की त्या सांगत, "बर्फ गळी ऱ्हायना, गोधड्या वढा," आणि बारा बायका एकदम गोधड्या ओढत. पहिल्यांदा आलेली बाई घाबरे, तिला बाकीच्या अकरा जणी शास्त्र समजावून देत. सगळ्या डब्यांचं दळण दिवेलागणीपर्यंत झालं. संक्रांतीला मास्तरांच्या घरी तिळगूळ द्यायला इतकी माणसं आली की हलव्याची वाटी चारदा भरावी लागली. प्रेमचंदभाऊ सगळ्यांच्या आधी आले आणि मेथीची एक जुडी हक्कानं घेऊन गेले.

फाल्गुन लागला, ऊन तापू लागलं, पंप बंद झाला. फुलवंताबाई कळसाडीला निघाल्या. मास्तर त्यांची पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन मीनाबाईंबरोबर स्टँडवर गेले. गाडीला उशीर होता. बाकावर कळसाडीचीच एक ओळखीची म्हातारी, दिवलीबाई, भेटली. दोघी शेजारी बसल्या. मास्तर त्यांच्या मागं उभे राहिले.

"औंदा तुन्हा गुडघा कसा काय बरा व्हयना?" दिवलीबाईनं विचारलं.

"यंतर शे," फुलवंताबाई म्हणाल्या. "दख, थंड हवामा बी गरमी ऱ्हास. आपले दखावत नही. यंतर ती येची येची घरमा आनस. मंग त्याना अंगवर बर्फ बसस. तव्हळ धा मिनिट ते घरनी गरमी वर ली जास नी बर्फ गळाडस. आपण तव्हळ बोंब मारानी नही. धा मिनिट गोधडी वढी लेवानी, मंग परत ऊब."

"आनि हाई तुले कोनी शिकाडं?"

"मन्हा जवाईनी," फुलवंताबाई म्हणाल्या. "शाळामा शास्त्र शिकाडतस त्या. हातमा धरं ते करी दखाडतस."

ट्रंकेचा कोपरा मास्तरांच्या खांद्यात रुतत होता, हाताला मुंग्या आल्या होत्या. मीनाबाईंनी डोळ्यांनीच खूण केली, खाली ठेवा ना. मास्तरांनी मान हलवली. ट्रंक ठेवली असती तर आवाज झाला असता, आणि सासूबाई अजून बोलत होत्या.